जिल्ह्यातला पहिला लाभार्थी

सन दोन हजार चारच्या उन्हाळ्यात जालन्यातल्या एका सरकारी कार्यालयाला वरून आदेश आला, की पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यापर्यंत एड्स प्रतिबंधाची माहिती तातडीने पोहोचवावी. कार्यालयाच्या साहेबांनी तो दोनदा वाचला, पंखा वाढवायला सांगितला आणि विस्तार अधिकारी भुजंगरावांना बोलावून घेतलं.

"आपल्या जिल्ह्यात असे लोक नाहीत," साहेब म्हणाले. "औरंगाबादला असतील."

"साहेब, चाँदबी आहे. दर दिवाळीला आपली हिजड्यांची टोळी घेऊन ती इथंच येते. आपण बक्षिसी देता."

"ती येते आणि जाते. ती आहे, असं मी म्हणणार नाही."

पण निधी येऊन पडला होता. असे लोक जिल्ह्यात असणं ही बदनामी होती, आणि निधी परत जाणं ही त्याहून मोठी बदनामी होती. म्हणून नसलेल्या लोकांसाठी मेळावा घ्यायचं ठरलं. समोर बसायला असलेले लोक बोलावले: मुख्याध्यापक, ग्रामसेवक आणि अंगणवाडी सेविका.

भुजंगराव गंभीर माणूस. हिवताप, कुष्ठरोग, कुटुंब नियोजन असं सगळं त्यांनी गावोगाव फिरून सांगितलेलं. त्यांनी साध्या मराठीत पत्रक लिहिलं आणि साहेबांनी ते तपासलं. 'पुरुष' हा शब्द एकदा आला असता तर चालला असता. एकाच वाक्यात दोनदा आल्यामुळे तो अश्लील ठरला. 'निरोध' हा शब्द महिलावर्गासमोर नको म्हणून गेला. छापून आलं ते असं: 'विशिष्ट व्यक्तींनी विशिष्ट प्रसंगी विशिष्ट साधनाचा नियमित वापर करावा.'

मेळाव्याच्या दिवशी चाँदबी खरोखरच आली. तिला दारातच थांबवण्यात आलं, कारण निमंत्रण मान्यवरांना होतं. तिनं पत्रक कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि भुजंगरावांना गाठलं.

"बाबू, ये विशिष्ट कौनसे दुकान में मिलता?"

भुजंगरावांनी तिला बाजूला लिंबाखाली नेलं आणि निरोध काय, तो कसा वापरायचा, तपासणी कुठं करायची, सगळं सरळ सांगितलं. चाँदबीनं नीट ऐकून घेतलं.

"इत्ता सीधा था तो अंदर कायकू नहीं बोले?" ती म्हणाली.

मेळावा झाला, लिंबाखालचं बोलणं गावभर पसरलं आणि दुसऱ्या दिवसापासून भुजंगरावांच्या टेबलाशी माणसं येऊ लागली. कुणी किराणा दुकानदार, कुणी टेम्पोवाला, एक तर लग्नाला आलेल्या दोन मुलींचा बाप. प्रत्येक जण आपल्या मित्रासाठी विचारायला आलेला. जिल्ह्यात अशी माणसं नव्हती, पण त्यांचे मित्र भरपूर होते. भुजंगरावांना नवल वाटलं ते जिल्ह्यातल्या मैत्रीचं.

त्यातच एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यातला मच्छिंद्र आला. पंचविशीचा, हातावर भाजल्याचे डाग. दाराची चौकट धरून उभा राहिला.

"साहेब, माझा एक दोस्त हाये. तो इचारून राह्यला, निरोधसंगं खोबऱ्याचं तेल चालतं का?"

भुजंगरावांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून साहेब आले. मित्रांमार्फत माहिती बाहेर जाते आहे, हे त्यांच्या कानावर आलंच होतं.

"माहिती लाभार्थ्यासाठी आहे," साहेब म्हणाले. "मित्राला म्हणावं, स्वतः यावं आणि आपण तसे आहोत असं दोन साक्षीदारांसमोर सांगावं. गोपनीयता पूर्ण पाळली जाईल."

मच्छिंद्रनं भुजंगरावांकडे बघितलं. भुजंगराव टेबलाकडे बघत राहिले.

"सांगतो मंग दोस्ताला," म्हणून तो निघून गेला.

त्या दुपारी भुजंगरावांनी डबा उघडला आणि भाकरी तशीच झाकून ठेवली. एवढं साधं 'न्हाई' आपल्या तोंडून निघालं नाही, हे त्यांना गिळवेना.

पुढचा कार्यक्रम केदारखेड्याला, शाळेच्या आवारात होता. भुजंगरावांनी पत्रक खिशात घातलं आणि उभे राहिले.

"माझा एक मित्र हाये," ते म्हणाले. "त्याचं मन पुरुषातच रमतं. तो इचारतो, निरोधसंगं खोबऱ्याचं तेल चालतं का? बिलकुल न्हाई. तेलानं निरोध फाटतो. औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारं मलम मिळतं, ते वापरायचं. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते."

कुणी हसलं नाही. कुणी उठलंही नाही. शेवटच्या रांगेतल्या पागोटेवाल्या म्हाताऱ्यानं हात वर केला. "तुमच्या दोस्ताला सांगा, एकच निरोध धुऊन पुन्हा वापरला तर?"

"न्हाई चालत, बाबा. दर वेळी नवा."

म्हाताऱ्यानं मान हलवली. बायकाही ऐकत होत्या. भुजंगरावांना बऱ्याच वर्षांनी आपल्या नोकरीचा अभिमान वाटला.

साहेबांनी लगेच बोलावलं. "या मित्राचं नाव?"

"मित्र असा कुणी नाही, साहेब. बोलायची एक तऱ्हा."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "मित्र नाही. म्हणजे तुम्हीच."

घरी बायको उषाबाई दारातच उभ्या होत्या. नळावर त्यांना सगळं कळलं होतं.

"कुणाचंबी एक नाव सांगून मोकळं व्हायचं होतं," त्या म्हणाल्या.

"कुणाचं सांगू?"

उषाबाईंनी बराच विचार केला. एकदोन नावं त्यांच्या ओठापर्यंत आली असावीत, कारण त्या एकदम वळल्या आणि आत जाऊन त्यांनी पान वाढलं.

कार्यालयात मात्र आनंद झाला. जिल्ह्यात अखेर एक लाभार्थी सापडला होता. लाभार्थ्यानं माहिती घ्यायची असते, द्यायची नसते, म्हणून भुजंगरावांचं बोलणं बंद करण्यात आलं. पुन्हा मेळावा भरला. ध्वनिक्षेपकावरून त्यांचं संपूर्ण नाव पुकारून त्यांना मंचावर बोलावलं आणि साहेबांनी हार घालून 'विशिष्ट साधना'चं पत्रक त्यांच्या हाती दिलं. फोटो काढताना गोपनीयतेसाठी त्यांच्या तोंडावर रुमाल धरण्यात आला. उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झाल्याचं वर कळवलं गेलं.

हार गळ्यात तसाच ठेवून भुजंगराव बाहेर आले, तर फाटकाशी मच्छिंद्र मोटारसायकलवर बसून वाट बघत होता. भुजंगरावांनी हात वर केला आणि भराभर त्याच्याकडे निघाले. मच्छिंद्रनं त्यांच्या गळ्यातला हार बघितला, मग आजूबाजूला उभी असलेली माणसं बघितली. त्यानं गाडीला किक मारली आणि मागं न बघता निघून गेला. भुजंगरावांशी बोलताना दिसणं आता कुणालाच परवडणारं नव्हतं.

पुढे कार्यालयात, नळावर, चहाच्या टपरीवर बरेच दिवस एकच चर्चा चालली, की भुजंगराव खरंच तसे होते का. मच्छिंद्र अजून तेलच वापरतो का, हे कुणी विचारलं नाही. वाचकहो, आपणही मघापासून भुजंगरावांचाच अंदाज बांधत होतात. मग, काय ठरलं?