हे कामात धरतील का?

आमचे नामातात्या अंगण झाडायला घेण्याआधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घ्यायचे. विमा कंपनीचा माणूस येत नाही ना, याची खात्री करायचे आणि मग मला हाक मारायचे, "सर, झाडलोट कामात धरतील का?"

तात्या न्हावरे गावातले माझे शेजारी. रांजणगावच्या कारखान्यात वीस वर्षं प्रेस मशीनवर होते. एकदा उजवा हात मशीनमध्ये सापडला आणि खांद्यापासून लुळाच पडला. कारखान्यानं कामगारांचा विमा काढलेला होता, म्हणून निभावलं. पण त्या पॉलिसीची गंमत ऐका. पहिली दोन वर्षं तात्यांना मशीन चालवता येत नाही, एवढं पुरे. तिसऱ्या वर्षापासून मात्र त्यांना 'कोणतंही काम' करता येता कामा नये, तरच विमा चालू. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून ते कलम मीच समजावून सांगितलं आणि डोक्याला ताप करून घेतला.

"म्हशीला पेंडी टाकली तर?"

"अहो तात्या, घरची म्हैस!"

"व्हय, पन म्हशीच्या लेखी त्ये कामच न्हवं का?"



पुतण्याच्या लग्नात तात्या वाढायला उठले नाहीत. खुर्चीत बसून नुसते ओरडत होते, "जिलबी तिकडं न्या, भात फिरवा!" पंगत उठल्यावर चेहरा पडलेला. "सर, कंपनीत ह्यालाच सुपरवायझर म्हनत्यात. मेलो की!"

एकदा हेल्मेट घातलेला मोटारसायकलवाला गल्लीत वळला. आमच्याकडं हेल्मेट कोण घालतंय? हा विम्याचाच, म्हणून तात्या कडबा टाकून खाटेवर आडवे झाले आणि कण्हायला लागले. तो निघाला कांद्याचं बी विकणारा. त्याला वाईट वाटू नये म्हणून तात्यांनी कण्हत कण्हतच बी घेतलं.

हसतो आम्ही, पण घर त्या विम्यावरच चाललं होतं. तो बंद पडला असता तर तात्या आणि त्यांची डोळ्यांनी अधू म्हातारी आई, दोघांचे हाल झाले असते.

खरा तपासणीस आला तो डॉक्टरला घेऊनच. हात वर करा, बटण लावा, हा बोल्टचा नट उचला. तात्यांनी मनापासून प्रयत्न केला. घाम फुटला, पण नट काही उचलला गेला नाही. त्या दिवशी त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

गेल्या महिन्यात पत्र आलं. मी मोठ्यानं अर्थ सांगितला, "शिक्षण आणि अनुभव पाहता कोणतंही काम करण्यास कायमचे असमर्थ. तात्या, जिंकलात! पेढे काढा!"

तात्या खाली बघत होते.

"सर, आईला सांगताना तेवढं वाक्य गाळा. सांगा, वीस वर्सं चांगलं काम केलं म्हनून कंपनी देतीया."

मी तसंच सांगितलं. म्हातारीनं चाचपत त्यांचा लुळा हात हातात घेतला. "मला ठावं हाय की! माझा नामा कामाला वाघ हाय."

तात्यांनी तोंड फिरवलं. मला तिथं बसवेना.