जावयाच्या छपरावर

नासांबूची आई बसमधून उतरली ती काखेत कोंबडी आणि तोंडात एकच वाक्य घेऊन.

"आधी घर दाखव."

"आधी तळं बघू ना, आई. नैवाशाला येऊन माणसं आधी तळंच बघतात. पाणघोडे बघायला लोक विमानानं येतात."

"ते काही लेकीकडे येत नाहीत."

नासांबूनं पाठीवरच्या तान्ह्या सितुमाची टोपी उगाच सारखी केली. घर दाखवायला तिची ना नव्हती. फक्त ते पाण्याखाली होतं. पावसात तळं फुगून वस्तीत शिरलं आणि पुढे हटायचं नावच काढेना. ती, नवरा खाएम्बा आणि सितुमा शाळेच्या एका वर्गात आणखी काही कुटुंबांबरोबर राहत होते. खाएम्बा रोज होडी काढली की आपल्या छपराशी जायचा, पत्र्यावरची पाण्याची रेघ बघायचा आणि परत फिरायचा.

आईला यातलं काही कळवलं नव्हतं. थोरलीचं छप्पर वादळात उडालं तेव्हा आईनं चौकशी केली नव्हती, थेट जाऊन लेक आणि नातवंडं आपल्या गावी, बुंगोमाला आणली होती. थोरलीचा नवरा अजून कुंपणाबाहेर उभा राहून पोरांना बघून जातो.

एकच आधार होता. त्यांच्या रीतीनं सासू जावयाच्या छपराखाली झोपत नाही, त्याच्याशी थेट बोलत नाही, त्याच्या तोंडाकडे बघत नाही. म्हणजे आई संध्याकाळच्या बसनं जाणारच. तेवढा दिवस ढकलायचा होता, आणि लोकांचे दिवस ढकलणं हाच तर खाएम्बाचा धंदा. तो पाहुण्यांना होडीतून तळं दाखवायचा.

होडीत आई पुढच्या टोकाला नाकासमोर बघत बसली. खाएम्बा मागे, इंजिनापाशी. निरोप पोचवायला मधे नासांबू.

"सितुमाची आई, आईंना सांग, तरंगायचं जॅकेट घाला."

"आई, जॅकेट घाल."

"त्याला विचार, आधी हे ज्यानं घातलं होतं त्याचं काय झालं?"

खाएम्बानं इंजिन चालू केलं.

मधल्या पाण्यात आल्यावर त्यानं एका माशाच्या पोटात लव्हाळ्याचा तुकडा खोचला, म्हणजे तो बुडत नाही. शीळ घालून मासा दूर फेकला. झाडावरचा गरुड तीरासारखा आला आणि उचलून घेऊन गेला. पाहुणे इथे टाळ्या वाजवतात.

"त्याला सांग, घरात लेकरू असताना मासे पाखरांना घालत नाहीत."

पुढे नेहमीच्या वाटेवर पाणघोड्यांचा कळप पिल्लांसकट पसरला होता. पिल्लावाल्या मादीजवळून जायचं नसतं. मागे एक कोळी गेला होता, तर त्याची अर्धी होडी तेवढी मिळाली. खाएम्बानं होडी वळवली. वळायला एकच बाजू मोकळी होती, बुडालेल्या वस्तीची. नासांबूनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं गरुडाकडे पाहिलं.

"तळ्यात विजेचे खांब कशाला?" आईनं विचारलं.

"पाणघोड्यांना रात्री दिसावं म्हणून," नासांबू म्हणाली. याहून बरं काही तिला सुचलं नाही.

तेवढ्यात इंजिन आचके देऊन बंद पडलं. इंजिनाच्या पंख्यात तार गुंडाळली होती. नासांबूनं ती लगेच ओळखली. सितुमाची सगळी दुपटी तिनं त्याच तारेवर वाळवली होती. शेजारी पाण्यातून दोन कान वर आले, फडफडले आणि खाली गेले. मग बुडबुड्यांची एक ओळ होडीकडे यायला लागली.

"सितुमाची आई," खाएम्बा हळू आवाजात म्हणाला, "आईंना सांग, सितुमाला घेऊन समोरच्या त्या छपरावर चढा."

"आई, सितुमाला घे आणि..."

"ऐकलं. मी सासू आहे, बहिरी नाही."

म्हातारी नातवाला घेऊन छपरावर पोचलीसुद्धा. पाठोपाठ नासांबू चढली. खाएम्बाचा पाय पत्र्यावर टेकतो न टेकतो तोच होडी खालून उचलली गेली आणि पालथी पडली. कोंबडी होडीतच राहिली होती. थोड्या वेळानं पिसं तेवढी वर आली.

पत्र्याचा कणा म्हशीच्या पाठीएवढा पाण्याबाहेर होता. एका टोकाला सासू, दुसऱ्या टोकाला जावई, एकमेकांकडे पाठ करून. खाएम्बानं फोन करून मित्राची होडी बोलावली. आई पत्र्यावरची लाल अक्षरं बोटानं पुसून बघत होती.

"हे तुझ्या बापाचं नाव आहे," ती म्हणाली. "आमच्या कोठारावरचे पत्रे. तुझ्या लग्नात मीच धाडले होते."

"हो, आई."

"खाली कोण राहतं?"

नासांबूनं बुडबुड्यांकडे पाहिलं. "सध्या तेच."

"आणि तुम्ही?"

"शाळेत. एका वर्गात."

आईनं अंगावरचं कापड सोडलं, सितुमाला पाठीशी घेतलं आणि लांबच्या प्रवासाला बांधतात तशी घट्ट गाठ मारली. सितुमाचा एक पाय बाहेर लोंबत होता, तो नासांबूनं मुठीत धरून ठेवला.

"त्याला विचार, वर्ग त्याचा आहे का?"

"आईंना सांग, सरकारचा आहे."

"वरचं छप्पर?"

"तेही सरकारचंच."

"मग सासूनं तिथे झोपायला आडकाठी नाही," आई म्हणाली. "लेकराकडे बघायला एक तरी शहाणं माणूस पाहिजे. मी राहते. त्याला सांग, तो व्हरांड्यात झोपेल."

नासांबूची मूठ सैल झाली.

खाएम्बा पत्र्यावर जरा सरकला. मग, "आईंना सांग, रात्री व्हरांड्याशी पाणघोडे चरायला येतात."

"त्याला सांग, राहतं घर दिलंय त्यांना. ओळख ठेवतील."

मित्राची होडी दिसायला लागली. खाएम्बानं घसा साफ केला.

"सितुमाची आई, आईंना विचार, किती दिवस?"

"त्याला सांग, पाणी उतरेपर्यंत."

खाएम्बानं रोजच्या सवयीनं वाकून पत्र्यावरची रेघ पाहिली. कालच्यापेक्षा ती बोटभर वर आली होती.