सिनेमाकडे पाठ करून बसणारे भालेराव

आमच्या इमारतीतले भालेराव काका सिनेमाला गेले की पडद्याकडे पाठ करून बसायचे. पहिल्या रांगेत, अगदी कडेच्या खुर्चीत, एक पाय दुमडून, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकवून. मागे पडद्यावर कुणाचा तरी गळा आवळला जात असायचा आणि काका शांतपणे प्रेक्षकांकडे बघत असायचे.

वाचायला हे गमतीदार वाटेल. अंधारात बसून बघा. उजेड त्यांच्या मागे, त्यामुळे तोंड दिसायचं नाही. नुसता डोक्याचा काळा आकार, त्याला दोन कान आणि चष्म्याच्या चकाकणाऱ्या कडा. पडद्यावर दिवस उजाडला, की क्षणभर चेहरा दिसायचा आणि तो तुमच्याकडेच बघत असायचा. पापणी न हलवता. सिनेमातला खुनी परवडला.

मी वर्ध्याहून पुण्याला आले ती हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून, आणि विश्रांतवाडीत राहिले ती ओळखीतून फ्लॅट मिळाला म्हणून. ही दोन्ही गावं पुण्याची दोन टोकं आहेत, हे घरमालकांनी मला अनामत घेऊन झाल्यावर सांगितलं. "आधी विचारलं असतं तर आधी सांगितलं असतं," असंही म्हणाले.

भालेराव काका समोरच्या फ्लॅटमध्ये. भोसरीच्या एका कारखान्यात लाल लोखंडावर घण घालणाऱ्या मशीनवर त्यांची उभी हयात गेलेली. उंच, ताठ, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. बोलायचे मात्र कुजबुजल्यासारखं. जिन्यात भेटले की कानाशी येऊन "ऑफिसला निघालात?" असं अशा काही आवाजात विचारायचे, की आपण ऑफिसला नव्हे, दरोड्याला निघालो आहोत असं वाटावं.

त्यांच्या दाराची तर मला सुरुवातीला भीतीच वाटे. मी धाडधाड जिना चढून आले, की बेलवर बोट टेकायच्या आत दार उघडायचं आणि काका उभे. पण कधी पावलं न वाजवता गेले, तर पाच मिनिटं बेल वाजवत राहा, आत हालचाल नाही. खिडकीच्या फटीतून बघावं तर काका खुर्चीत ताठ बसलेले. संध्याकाळी त्यांच्या घरात दिवा नसायचा. टीव्ही चालू असायचा, पण आवाज शून्य. निळसर उजेडात काकांचे ओठ हलत असायचे. तळमजल्यावरच्या बाईंचं ठाम मत होतं की ते वारलेल्या बायकोशी बोलतात. "आणि ती उत्तर देते," असंही त्या वर सांगायच्या.

काकांचं एक वाक्य इमारतीत प्रसिद्ध होतं. "तसं म्हटलं तर तसंच." कुठल्याही प्रश्नाला हे उत्तर. सेक्रेटरींनी विचारलं, "काका, पाण्याचा टँकर मागवायचा का?" तसं म्हटलं तर तसंच. कुणी म्हणालं, "या कंपन्या आल्या आणि पुण्याची वाट लागली." तसं म्हटलं तर तसंच. दुसरा म्हणाला, "कंपन्या आल्या म्हणून पुणं सुधारलं." तसं म्हटलं तर तसंच. सोसायटीच्या सभेत दोन्ही पक्ष त्यांना आपलंच माणूस समजायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या एकांनी तर जिन्यात मागून हाक मारून सांगितलं होतं, "काका, आमचे वडील गेले हो." काका जिन्याच्या वळणावर वळले, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तसं म्हटलं तर तसंच." तो मनुष्य आठवडाभर त्यावर विचार करत होता. शेवटी म्हणाला, फार मोठा धीर दिला काकांनी.

काकू होत्या तेव्हा मी इथे नवीनच होते. ठेंगणी, सावळी, चुणचुणीत बाई. काकांशी बोलायचं म्हणजे आधी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहायच्या, हनुवटीला धरून त्यांचं तोंड आपल्याकडे वळवायच्या आणि मग एकेक शब्द सुटा करून सांगायच्या, "कोथिंबीर. आणि. लिंबं." इमारतीतल्या आम्ही पोरी आपापसात म्हणायचो, केवढा हा धाक! काकू अचानक गेल्या आणि मग काका एकटेच दर रविवारी सिनेमाला जायला लागले. तेही फक्त खुनाचे.

मल्टिप्लेक्स तेव्हा नवीन होती, आणि आम्हीही पगाराला नवीन होतो. एका रविवारी दुपारी ऑफिसातली श्वेता आणि मी एक रहस्यपट बघायला गेलो. जाहिरात जोरदार होती. डोंगरावरचा बंगला, धुकं, एकटी राहणारी बाई आणि न दिसणारा खुनी.

दहाव्या मिनिटालाच कळलं, की खुनी दिसणार नाहीच, शिवाय काही ऐकूही येणार नाही. कारण संगीत. बाईनं दार उघडलं की शंभर व्हायोलिनं. बंद केलं की ढोल. खिडकीशी गेली की कुणीतरी बाई लांबून "आऽऽऽ" करून रडायची. नायिकेला तहान लागली, तिनं फ्रीज उघडला, तर व्हायोलिनं, ढोल आणि रडणारी बाई तिन्ही एकदम. आत दुधाची पिशवी होती.

"अहो, तिला दूध तरी पिऊ द्या!" मागून एक काकू ओरडल्या आणि थिएटर हशानं फुटलं. मग लोकांना धीर आला. कुणी म्हणालं, "यापेक्षा लग्नाचा बँड आणायचा, निदान नाचलो तरी असतो." इन्स्पेक्टर नायिकेला खुनाबद्दल काहीतरी महत्त्वाचं सांगत होता आणि ढोलात त्याचे नुसते ओठ हलत होते. "काय म्हणाला?" "कोण जाणे. तो निदान दिसतोय हे नशीब." आमच्या शेजारचे एक गृहस्थ दोन्ही कानांवर हात ठेवून बसले होते. त्यांच्या बायकोनं विचारलं, "खुनी कोण असेल हो?" ते म्हणाले, "संगीतकार."

आम्हीही हसत होतो. आणि हसता हसता श्वेतानं माझा दंड घट्ट धरला.

"वो देख. सामने."

पडद्यावर धुकं होतं, पांढरंफटक. त्या पांढऱ्यावर खाली कोपऱ्यात एक काळं डोकं. ते आमच्याकडे तोंड करून होतं. आम्ही हसलो की ते किंचित पुढे झुकायचं. आमच्या ओळीत कुणी हललं की तिकडे वळायचं. धुकं जरा उजळलं आणि चष्मा चमकला. पडद्यावर ज्याची वाट बघत होतो ते खाली येऊन बसलं होतं. श्वेता किंचाळली. अख्ख्या सिनेमात कुणी खरोखर घाबरून किंचाळलं असेल तर ती तेवढीच.

टॉर्च आले. दोन रखवालदारांनी त्या माणसाला दंडाला धरून उठवलं. टॉर्चचा झोत तोंडावर पडला आणि मी ओळखलं. भालेराव काका.

मी त्यांच्या मागे बाहेर धावले. श्वेता आली, आणखी पाचसात माणसं आली. सिनेमा इतका वाईट होता की लोकांना बाहेरचं नाटक बघायला हवंच होतं. मॅनेजर तरुण होता, टायवाला. त्यानं टॉर्च काकांच्या डोळ्यांवर धरला.

"तुम्ही त्या मुलींकडे बघत होता?"

काका झोतानं डोळे किलकिले करत कुजबुजले, "तसं म्हटलं तर तसंच."

"बघा! कबूल करतोय!" एक जण म्हणाला.

"रोज येता का असं बायकांकडे बघायला?"

"तसं म्हटलं तर तसंच."

"निर्लज्ज आहे हो! पोलिसांना बोलवा." कुणीतरी त्यांची कॉलर धरली. स्वच्छ इस्त्रीची ती कॉलर चुरगळली. काका प्रत्येकाकडे वळून बघत होते आणि ओळखीचं, नम्र हसत होते. त्या प्रसंगी ते हसू फार भीषण वाटत होतं. मलाही वाटून गेलं, की आपल्याला हा माणूस ठाऊकच नाही.

तेवढ्यात आतून कुणीतरी कंटाळून बाहेर पडलं. थिएटरचं जाड दार उघडलं आणि तो सगळा आवाज आमच्या अंगावर आला. व्हायोलिनं, ढोल, ती रडणारी बाई. आम्ही सगळे दचकलो. मॅनेजरच्या हातातला टॉर्च पडला. श्वेतानं कान झाकले. कॉलर धरणाऱ्यानं कॉलर सोडली.

काका मात्र तसेच उभे होते. दार त्यांच्या पाठीशी, हातभर अंतरावर होतं. त्यांची पापणीही हलली नाही. आमच्या दचकलेल्या तोंडांकडे ते कुतूहलानं बघत होते. काय झालं, काय झालं, असं विचारत असल्यासारखे.

मी पुढे गेले. दिव्याच्या उजेडात त्यांच्यासमोर उभी राहिले आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "काका. तुम्हाला. ऐकू येत नाही?"

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग हसू गेलं. खाली फरशीकडे बघत म्हणाले,

"हळू बोला. लोक ऐकतील."

पुढे फार काही झालं नाही. मॅनेजरनं टॉर्च उचलला आणि पाणी मागवलं. पोलिसांना बोलवा म्हणणारे गृहस्थ "मला आधीच शंका होती" म्हणत आत गेले. श्वेतानं काकांची कॉलर नीट केली आणि मराठीत "सॉरी काका" म्हणाली. रिक्षात काका अख्ख्या रस्त्यात बाहेर बघत बसले. बाहेर बघणाऱ्या माणसाशी कुणी बोलत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक असणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र त्यांनीच माझी बेल वाजवली.

"शेवटी खुनी कोण निघाला?"

"मलाही नाही कळलं काका, मी तुमच्याबरोबरच बाहेर पडले."

"या मग. बसा."

त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच गेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी काकूंचा फोटो. त्यांनी मला खिडकीसमोर बसवलं, तोंडावर उजेड पडेल असं, आणि स्वतः समोर बसले. मशीननं दर वर्षी थोडं थोडं ऐकणं नेलं, ते कुजबुजत सांगत होते. कारखान्यात बोललो नाही. कान गेलेल्या माणसाला मशीनवर ठेवत नाहीत. घरी फक्त हिला ठाऊक. बाहेर ही सांभाळून घ्यायची.

"सिनेमातही?"

"सिनेमात तर हीच सिनेमा. माझं तोंड आपल्याकडे वळवायची. पडद्याच्या उजेडात ओठ दिसायचे. खुनी काय म्हणाला, इन्स्पेक्टर काय म्हणाला, सगळं सांगायची. खून झाला की आधी हिच्या तोंडावर व्हायचा, मग मी पडद्याकडे बघायचो. आता बोलणं सुरू झालं की लोकांची तोंडं बघतो. कुणाच्या तरी तोंडावर कळतंच."

"कालचा सिनेमा कसा वाटला?"

"फार चांगला. शांत होता," काका म्हणाले. "पण एक विचारू? बाया कान झाकत होत्या. इतकं भयंकर काय बोलत होता तो खुनी? आणि तिनं फ्रीज उघडल्यावर सगळे हसले. काय होतं फ्रीजमध्ये?"

"दूध."

काकांनी यावर बराच विचार केला. मग मी त्यांना संगीत कसं होतं ते सांगितलं. व्हायोलिनं, ढोल, आणि एक बाई सारखी लांबून रडत होती, असं मी म्हणाले. ते एकदम पुढे झुकले.

"बाईचा आवाज? कसा होता?"

"वाईट होता काका."

"वाईट म्हणजे कसा, तरुण की म्हातारा?" उत्तराची वाट न बघता ते पुढे बोलले, आणि या वेळी कुजबुज आणखी खाली गेली. "तुम्ही हिच्याशी बोलला होता ना? शेवटी शेवटी हिचा आवाज कसा झाला होता?"

मी भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे बघितलं.

"म्हातारपणी आवाज बदलतो म्हणतात. माझ्याकडे पंचविशीतलाच आहे. तोंड म्हातारीचं हलायचं आणि माझ्या डोक्यात पोरीचा आवाज. कधी कधी भीती वाटायची. वाटायचं, ही बोलतेय ती दुसरीच कुणीतरी."

"थोडा घोगरा होता," मी म्हणाले. "पण गोड. शेवटचा शब्द लांबवायच्या. तुम्हाला हाक मारायच्या ना, तेव्हा तर फारच."

"मला?"

"रोज. तुम्ही खाली फाटकाशी उभे असायचा तेव्हा जिन्यात येऊन."

"हाक मारायची?" काका माझ्या ओठांवरून नजर काढत नव्हते. "तिला तर ठाऊक होतं."

मी होकारार्थी मान हलवली. खाली रस्त्यावर आळंदीकडे जाणारी बस थांबली, निघाली. काकांपर्यंत त्यातलं काही पोचलं नाही.

"मारून दाखवाल?"

मी उठून जिन्यात गेले. कठड्याला हात टेकवून, जमेल तितका काकूंसारखा आवाज काढून हाक मारली, "अहो, वर येता काऽऽ?" खालच्या मजल्यावर दार उघडलं. तळमजल्यावरच्या बाई दचकून वर बघत होत्या.

मी आत वळले. काका खुर्चीत ताठ बसले होते. माझे ओठ बघायचे तर डोळे उघडे हवे होते. त्यांनी ते घट्ट मिटले होते, आणि मान थोडी दाराच्या बाजूला कलती केली होती.

मी पुन्हा जिन्यात गेले आणि आणखी एकदा हाक मारली.