मूळ इंजिनाचा ठराव

त्या रविवारी सेक्रेटरींची बायको दुसऱ्याच गाडीत जाऊन बसली.

गुपचूप बसली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण नाही! जुन्या गाड्यांच्या क्लबाच्या दहाच्या दहा चालू गाड्या गोदामासमोर रांगेत उभ्या, सगळे सभासद आपापल्या बॉनेटवर फडकं मारताहेत, सेक्रेटरींनी आपल्या पहिल्या नंबरच्या गाडीचं दार तिच्यासाठी उघडून धरलंय, आणि ही बाई खांद्यावरची पर्स सावरत सरळ रांगेच्या दुसऱ्या टोकाला चालू लागली. "अहो, मी आज डॉक्टरांबरोबर येते हं," एवढं म्हणाली, तेही मागे न बघता. सेक्रेटरी उघड्या दाराशी उभेच्या उभे. शेवटी मिस्त्रींनी येऊन ते दार लावलं.

बावीस वर्षं! बावीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती त्यांच्या शेजारी बसत आली होती. रांगेतली पहिली गाडी, पहिल्या गाडीत सेक्रेटरी आणि सेक्रेटरींच्या शेजारी ती, असं चित्र अख्ख्या गावाला पाठ होतं.

आणि या डॉक्टरीणबाईंना क्लबात आणलं कोणी? खुद्द सेक्रेटरींनी. एके काळी क्लबात सत्तावीस गाड्या होत्या. कोणी वारलं, कोणी मुलाकडे परदेशी गेलं, कोणाच्या सुनेने अंगण मोकळं हवं म्हणून गाडी भंगारात काढली. करता करता चालू गाड्या उरल्या नऊ. त्यातच गोदामाचे म्हातारे मालक निवृत्त झाले आणि कारभार त्यांच्या सुनेच्या हाती गेला. तिने पहिल्याच आठवड्यात पत्र धाडलं: वर्धापनदिनी मी स्वतः येऊन मोजीन. दहा चालू गाड्या दिसल्या तर जागा तुमची, नाहीतर मला तिथं फर्निचर ठेवायचंय. सेक्रेटरींची झोप उडाली. त्यांनी चौकाचौकात कागद चिकटवले, 'नवीन सभासद पाहिजेत.' महिनाभराने एकच अर्ज आला, दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. सेक्रेटरींनी तेव्हा देवाचे आभार मानले होते. आता ते परत घ्यावेत असं त्यांना वाटत होतं.

बाईंची गाडी दिसायला जुनीच होती, चांगली पन्नास वर्षांची. पण आतलं इंजिन काढून बाईंनी बॅटरीवरची मोटर बसवली होती. किल्ली फिरवली की नुसता एक दिवा लागायचा. धूर नाही, वास नाही, आवाज नाही. आता सेक्रेटरींचा सगळा मान होता त्यांच्या कानात. कोणाचीही गाडी असो, ते बॉनेटला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटांनी निकाल द्यायचे, "तिसरा प्लग." लोक चकित व्हायचे. पहिल्या दिवशी त्यांनी बाईंच्याही बॉनेटला कान लावला. बराच वेळ लावला.

"काका, ती बंद आहे," बाई हळूच म्हणाल्या.

"ते कळलं मला," सेक्रेटरी म्हणाले. पण पोस्टमास्तर फिसकन हसले ते हसलेच.

त्या दिवसापासून सेक्रेटरींच्या पोटात दुखायला लागलं. गोदामात आले की सगळे आधी बाईंच्या गाडीभोवती. पोस्टमास्तर बॅटरीची माहिती विचारताहेत, बेकरीवाले सीटवर हात फिरवताहेत, आणि मिस्त्री, जे बावीस वर्षं सेक्रेटरींच्या गाडीखाली झोपत आले, ते आता बाईंच्या गाडीखाली! बरं, बाई उद्धट असत्या तर निदान रागवायची सोय होती. पण त्या सगळ्यांशी गोड. सेक्रेटरींना वाकून "काका" म्हणायच्या. त्याने तर अंगाचा आणखीच तिळपापड व्हायचा.

त्या रविवारी घरी आल्यावर सेक्रेटरींनी बूटही काढले नाहीत.

"काय एवढं होतं त्या गाडीत बसण्यासारखं?"

"काही नाही. गप्पा मारल्या," बायको म्हणाली.

"मग माझ्या गाडीत गप्पा मारायला कोणी अडवलंय?"

"तुमच्या गाडीत? तोंड उघडलं की तुमचा हात वर. थांब, व्हॉल्व्ह वाजतोय! मागे आईच्या ऑपरेशनचं सांगत होते, तर म्हणालात, गप, गियर ऐकू दे."

"वाजत होता म्हणून म्हणालो."

"असेल. आई बरी आहे आता. विचारलं नाहीत म्हणून सांगते."

सेक्रेटरी बुटाची नाडी सोडायला वाकले. पण बाईंबद्दलचा राग मात्र दुप्पट झाला. माणसाचं डोकं अशा वेळी कुठे चालतं ते त्यालाच ठाऊक.

तरीही ते गप्प राहिले असते. पण दोन दिवसांनी मिस्त्री सहज म्हणाले, "साहेब, वर्धापनदिनाला या खेपेला डॉक्टरांची गाडी पुढे ठेवायची का? नव्या मालकीणबाई येणार, जरा नवीन काहीतरी दिसेल."

झालं! सेक्रेटरींची कानशिलं तापली. पहिली जागा? बायको घेतली, मिस्त्री घेतला, आता पहिली जागासुद्धा? ते तडक घरी गेले, क्लबाची नियमावली काढली आणि जेवणाचं ताट बाजूला सारून लिहायला बसले. बाईंना काढता तर येत नव्हतं, कारण मग गाड्या नऊच उरतात. म्हणून त्यांनी डोकं लढवलं. 'कलम सात-अ. ज्या गाडीचे इंजिन मूळचे नसेल तिचा मालक केवळ सहयोगी सभासद समजावा. सहयोगी सभासदाची गाडी मोजणीत धरावी, परंतु रांगेत शेवटी उभी करावी. त्यास मताचा अधिकार नसावा.' वाचून त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी गार झालेलं जेवण चवीने संपवलं.

बुधवारी सभा झाली. सेक्रेटरींनी ठराव वाचला आणि म्हणाले, "ज्यांच्या गाडीचं इंजिन मूळचं आहे, त्यांची याला हरकत असायचं कारणच नाही. हात वर करा."

पोस्टमास्तरांनी बेकरीवाल्यांकडे पाहिलं, बेकरीवाल्यांनी छताकडे. हात वर केला नाही तर त्याचा अर्थ काय होतो, हे ज्याच्या त्याच्या ध्यानात आलं. एक हात वर गेला, मग दुसरा, मग भराभरा सगळे. डॉक्टरीणबाईंनीसुद्धा हसत हसत हात वर केला. "माझं मूळचं नाहीच आहे काका, पण नियम चांगला आहे," त्या म्हणाल्या. सेक्रेटरींना ते हसू अजिबात आवडलं नाही.

कोपऱ्यात भूगोलाचे सर बसले होते. निवृत्त माणूस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांची गाडी अकरा वर्षं गोदामाच्या मागच्या भिंतीशी विटांवर उभी होती. ती चालू नसल्यामुळे मोजणीत नव्हती, पण वर्गणी नेमाने भरत म्हणून सर सभासद होते. त्यांनी बोट वर केलं. "ठराव मंजूर. पण तपासणार कोण?"

"मिस्त्री," सेक्रेटरी ऐटीत म्हणाले. "कागदावरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर. जुळला की झालं."

मिस्त्रींच्या हातातला पाना खाली पडला.

पुढच्या रविवारी सगळे कागदपत्रं घेऊन आले. सर कागद वाचणार, मिस्त्री नंबर सांगणार. मिस्त्रींनी कंबर दुखते म्हणून पाहिलं, चष्मा विसरला म्हणून पाहिलं, पण सरांनी आपला चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

पहिली पोस्टमास्तरांची गाडी. नंबर जुळेना. "हे कसं?" सरांनी विचारलं. पोस्टमास्तर जमिनीकडे बघत पुटपुटले, "मूळचं जाम झालं होतं. मिस्त्रींनी एक बसवून दिलं. कोणाला सांगू नका म्हणालो होतो." सेक्रेटरींनी च् च् केलं. दुसरी बेकरीवाल्यांची. तिच्यात त्यांच्याच पावाच्या गाडीचं इंजिन निघालं. सेक्रेटरींना वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्यांना गुदगुल्या होत होत्या. तिसरी गेली, चौथी गेली, पाचवी गेली. एकेक जण सहयोगी होत होता, मिस्त्री घामाघूम होत होते, आणि सेक्रेटरी हात मागे बांधून फेऱ्या मारत होते. आठव्या गाडीपर्यंत एकाचाही नंबर जुळला नव्हता.

"आता तुमची," सर म्हणाले.

"माझी कशाला? माझ्या इंजिनाचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन."

"कलमात तशी सवलत नाही."

सेक्रेटरींनी बॉनेट उघडलं. मिस्त्री वाकले ते वर येईचनात.

"नंबर सांगा की!"

"साहेब, तुम्हाला टायफॉइड झाला होता बघा, बारा वर्षांपूर्वी," मिस्त्री आतूनच बोलू लागले. "तेव्हा वहिनींनी गाडी जरा चालू ठेवा म्हणून माझ्याकडे दिली. तिचा ब्लॉक तडकला. मी वहिनींना म्हटलं, संपलं हे. त्या म्हणाल्या, यांना सांगू नका, आधीच अंथरुणात आहेत, हाय खातील. मग दुधाच्या टेम्पोचं एक चांगलं इंजिन मिळालं, ते घातलं."

"दुधाच्या टेम्पोचं!" बेकरीवाल्यांना एकदम हुरूप आला.

"खोटं!" सेक्रेटरी ओरडले. "मला ऐकू आलं नसतं?"

"तुम्ही बरे होऊन आलात ना साहेब, तेव्हा कान लावलात. डोळे मिटलेत. आणि म्हणालात, मिस्त्री, हा खरा मूळचा आवाज, मधे कुठे हरवला होता?"

हसण्याचा असा काही स्फोट झाला की बाहेर रस्त्यावरचे दोघं आत डोकावले. सेक्रेटरींनी बायकोकडे पाहिलं. ती डॉक्टरीणबाईंच्या शेजारी उभी होती, पण हसत नव्हती. "तुम्ही इतके खूश झालात," ती म्हणाली, "की मग सांगवलंच नाही." सेक्रेटरींना खाली बसावंसं वाटलं. बसायला जागा होती ती त्यांच्याच गाडीच्या पायरीची, म्हणून ते उभे राहिले.

आता उरली सरांची गाडी. तिचा नंबर टकाटक जुळला. अकरा वर्षं चाललीच नाही, तर बदलणार कोण? म्हणजे कलम सात-अ प्रमाणे क्लबात पूर्ण सभासद उरला एकच, तोही गाडी विटांवर असलेला. सर लगेच खुर्ची ओढून मधोमध बसले. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस, त्याला सभा कुठली जड!

"तातडीची सर्वसाधारण सभा. हजर सभासद एक, म्हणजे मी. कलम सात-अ रद्द करावं असा ठराव मी मांडतो. मला माझं अनुमोदन आहे. बाजूने एक, विरोधात शून्य. मंजूर."

टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनीही दोन वाजवल्या, कारण सहयोगी म्हणून शेवटी उभं राहण्याची नामुष्की तरी टळली होती. पण सरांच्या हातात अजून त्यांच्या गाडीचे कागद होते आणि चष्मा पुन्हा त्यांच्या नाकावर आला होता.

"एक मुद्दा राहिला. नियमावली, कलम दोन. सभासद तोच, ज्याच्या नावावर गाडी. कोणी लिहिलं हे?"

"मी," सेक्रेटरी म्हणाले. "पोस्टमास्तर मेव्हण्याची गाडी आणत होते म्हणून."

"या गाडीच्या कागदावर तुमचं नाव नाही. वहिनींचं आहे."

"ते होय! सासरेबुवांनी मुलीला दिली तेव्हा तसंच झालं. नावापुरतं हो ते."

"नावापुरतं म्हणजेच नावावर. गाडी पहिलीच राहील. सभासद मात्र वहिनी. आणि कलम तीन: वर्धापनदिनी सभासदाने गाडी स्वतः चालवावी. हे कोणी लिहिलं?"

सेक्रेटरी फडक्याने बॉनेट पुसू लागले. तेही त्यांनीच लिहिलं होतं, बेकरीवाले ड्रायव्हर पाठवत म्हणून. एक आशेचा किरण मात्र त्यांना दिसला. "पण हिला चालवता कुठे येते?"

"येते की," बायको म्हणाली. "बाबांनी याच गाडीवर शिकवली. लायसन्स पर्समध्ये आहे, मुदत संपू दिली नाही कधी."

"मग इतक्या वर्षांत बोलली नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेने चालवायचात. म्हटलं, कशाला."

वर्धापनदिनाला ऊन स्वच्छ पडलं होतं. दहा गाड्या रांगेत निघाल्या. पहिल्या गाडीत सेक्रेटरींची बायको चाकामागे, ताठ, पदर खोचून. शेजारी सेक्रेटरी, मांडीवर तिची पर्स. डॉक्टरीणबाई दुसऱ्या नंबरवर होत्या, त्यांच्या शेजारी अध्यक्ष झालेले भूगोलाचे सर. चौकात लोकांनी बायकोला हात केले. बायकोने हॉर्न दिला. मिस्त्री फुटपाथवरून ओरडले, "वाहवा, वहिनी! गियर कसा लोण्यासारखा पडला!" सेक्रेटरींना बावीस वर्षांत मिस्त्री असं कधी म्हणाले नव्हते. त्यांच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं, आणि या खेपेला कोणावर रागवायचं तेही कळेना. पहिली गाडी त्यांचीच, बायकोही त्यांच्याच शेजारी, सगळं हवं तसं जागच्या जागी होतं.

गोदामाशी नव्या मालकीणबाई उभ्या होत्या. त्यांनी बोटाने मोजल्या, बरोब्बर दहा भरल्या. "जागा तुमचीच," त्या म्हणाल्या आणि पहिल्या गाडीच्या खिडकीशी आल्या. "काय सुंदर ठेवलीय हो गाडी! तुम्हीच सांभाळता?"

"आमच्या बाबांची," बायको लाजून म्हणाली.

सेक्रेटरींनी घसा खाकरला, टायची गाठ सारखी केली आणि पुढे झुकले. मालकीणबाईंचं तेव्हा कुठे त्यांच्याकडे लक्ष गेलं.

"आणि हे?"

"हे आमचे मिस्टर," बायको कौतुकाने म्हणाली. "यांनाही गाड्यांची थोडी आवड आहे."