कुंडीतल्या पामाची शोकसभा

एका जंगलात थंडी फार पडायची. कुठल्या जंगलात, असं लगेच विचारू नका. भूगोलात तुम्हाला किती मार्क पडतात ते मला ठाऊक आहे. जंगल उंच पठारावर होतं, एवढं कळलं तरी पुरे.

या जंगलाचा राजा सिंह. त्याला खाडीच्या मगरराजाने एकदा भेट पाठवली. कुंडीत लावलेला पाम! लांब हिरवी पानं, सडसडीत बांधा. पठारावर असलं झाड कुणी पाहिलेलं नव्हतं. राजाने तो गुहेच्या दारात ठेवला. पाहुणे आले की राजा मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन उभा राहायचा, आणि त्यांनी विचारेपर्यंत हलायचा नाही. तुमच्या घरी नवा फ्रिज आला तेव्हा तुमच्या बाबांनी काय केलं होतं ते आठवा.

मग पौष आला. पठारावर बोचरं वारं सुटलं. पाम कुडकुडायला लागला. तो खाडीकडचा, त्यामुळे बोलायचाही तिकडचंच.

"राजानूं, माका जरा आत घेवा," तो म्हणाला. "गुहेत ऊब आसा. हय वाऱ्यान माझो जीव जातलो."

राजाने प्रधानांकडे पाहिलं. प्रधान म्हणजे कोल्हेपंत.

"आत ठेवला तर दिसणार कसा?" राजा म्हणाला.

"तेच म्हणतो मी, महाराज," कोल्हेपंत म्हणाले. "आणि आजाऱ्याचं फार मनावर घ्यायचं नसतं. तो काहीही बोलतो."

पण पामाच्या पानांच्या कडा तपकिरी पडू लागल्या, तेव्हा राजा घाबरला. उन्हाळ्यात मगरराजा यायचा होता. दिलेली भेट कुठाय म्हणाला तर काय सांगणार? राजाने हुकूम काढला की सर्वांनी पामाला मदत करावी.

मदत करायची म्हटल्यावर आपल्याकडे कुणी मागे राहत नाही. तिथेही नाही राहिलं.

सकाळी सकाळी माकड आलं. त्याने ओढ्याचं गार पाणी पामाच्या मुळाशी ओतलं.

"अरे, माका तान नाय लागली! मुळां गारठली माझी!"

"लाजू नका हो, आपलंच घर समजा," असं म्हणून माकडाने आणखी एक मडकं ओतलं.

मग गवा आला. त्याने कुंडीत ताज्या शेणाचा ढीग घातला. थंडीत भूक नसते, असं पाम परोपरीने सांगत होता. गवा म्हणाला, "आमच्यात पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत," आणि ढीग वरून दाबून बसवला.

शेवटी रानबकरी आली. सुकलेली पानं तिला बघवेनात.

"तशीच रवांदेत गे बाये! तीच माझी गोधडी!" पाम ओरडला.

बकरीने सुकलेली पानं खाल्ली. नंतर दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून थोडी हिरवीही खाल्ली.

मुलांनो, पामाचा जीव कुठे असतो, आहे माहीत? त्याच्या शेंड्यात, अगदी मधोमध, एक मिटलेलं पान असतं. ते शाबूत तर पाम शाबूत. ते गारठलं की खेळ खलास. आता त्या मिटल्या पानाभोवती चार फाटकी पानं तेवढी उरली होती आणि वारं थांबत नव्हतं. बिचारा पाम घाबरला होता. त्याला जगायचं होतं.

कोल्हेपंतांनी खूप विचार केला. विचारान्ती त्यांना तेच सुचलं, जे त्यांना नेहमी सुचायचं.

"आपण याचा सत्कार करू," ते म्हणाले. "थंडीला धीराने तोंड दिल्याबद्दल."

कोल्हेपंतांकडे एक शाल होती आणि एक नारळ. जंगलातले सगळे सत्कार तेवढ्यावर व्हायचे. शाल पांघरायची, नारळ द्यायचा, टाळ्या झाल्या की दोन्ही परत घ्यायचं. त्या नारळातलं पाणी वाजायचं बंद होऊन जमाना झाला होता.

सत्काराला सगळं जंगल दाटीवाटीने जमलं. पामाला नारळ दाखवला, तर तो किंचाळला, "अरे, हो तर आमच्या मामाचो झील!" झील म्हणजे मुलगा.

"ते भारावले आहेत," कोल्हेपंतांनी सभेला सांगितलं.

अध्यक्षस्थानी हत्तीअण्णा होते. अण्णांना अध्यक्ष करायला जंगल बिचकायचं. मागे एका मुंजीत ते आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला उभे राहिले, आणि खाली बसले तेव्हा मुंजा लग्नाला आला होता, असं सांगतात. पण बोलावलं नाही तर अण्णा रुसायचे. रुसलेल्या हत्तीपेक्षा बोलणारा हत्ती परवडतो.

अण्णा बोलू लागले. तापमान या विषयावर त्यांना बरंच सांगायचं होतं. सभा पेंगू लागली. आणि पामाच्या ध्यानात एक गोष्ट आली. त्याला थंडी वाजत नव्हती! अंगावर शाल होती. भोवती गर्दी होती, ती वारा अडवत होती. वरून अण्णांचा ऊन ऊन श्वास येत होता. पाम सुखावला. पौष लागल्यापासून पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं.

मग भाषण संपलं. टाळ्या झाल्या. कोल्हेपंतांनी शाल झटकून घडी घातली आणि गर्दी पांगली. वारं परत आलं.

दुसऱ्या दिवशी पाम म्हणाला, "पंतानूं, माझो आणखी एक सत्कार करा. अण्णांका बोलवा."

अण्णांना बोलवा, हे वाक्य कोल्हेपंतांनी उभ्या हयातीत ऐकलं नव्हतं. पामाची शुद्ध हरपत चालली, अशी त्यांची खात्री झाली.

"एका हंगामात एकाचा एकच सत्कार, असा नियम आहे," ते हळुवारपणे म्हणाले. "आता तुमचा पुढचा कार्यक्रम म्हणजे शोकसभा."

"शोकसभेक शाल आसता?"

"असते की. दिवंगताला पांघरतो."

"आणि अण्णा?"

"त्यांना कोण आवरणार?"

पामाने मनाशी हिशेब मांडला. शोकसभेतही धोका होताच. जंगलाची रीत अशी की सभा संपली की वाळलेलं झाड गव्याने उपटायचं आणि शेकोटीत घालायचं. म्हणजे अण्णा बोलत आहेत तोवर जीव, आणि अण्णा बसले की जाळ. पण हे वारं तरी कुठे सोडणार होतं?

पामाने उरलेली पानं खाली सोडली आणि तो मेला.

म्हणजे खरा नाही रे! रडू नका.

शोकसभा त्याच दिवशी भरली. राजाने सही करून ठराव काढला : 'कुंडीतले पाम कालवश झाले.' राजा पुढे बसला आणि लगेच झोपला. राजा उठेपर्यंत सभा सोडायची नाही, असा दंडक होता. फार तर घास चरून यायचं आणि आपल्या जागी परत बसायचं. सगळे एकमेकांना चिकटून बसले आणि अण्णा उभे राहिले.

अण्णा पामाबद्दल बोलले. पामाच्या गावाबद्दल बोलले. खाडी, समुद्र, मीठ, मिठाचे उपयोग, झालं. पौष सरला, माघ आला. शेवटी अण्णांकडचा मजकूर संपला. ते घुटमळले. त्यांनी सोंड आवरती घेतली. सभेतून हायसं झाल्याचा आवाज आला आणि गवा मागे खूर घासू लागला.

एवढ्यात शालीतून अगदी बारीक आवाज आला.

"मगे?"

मुलांनो, अण्णांना 'आवरा' म्हणणारे पुष्कळ भेटले होते. 'मग पुढे काय?' असं आजवर कुणीच विचारलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, हे सांगताना माझ्याही येतं. आवाज कुणाचा ते त्यांना कळलं, कारण कान काही लहान नव्हते. पण ते कुणाला बोलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक गोष्ट पोटात ठेवली.

मग अण्णा जे बोलत सुटले! दिवंगताच्या आत्म्याबद्दल बोलले, आत्मा या विषयाबद्दल बोलले, स्वतःच्या बालपणाबद्दल बोलले. घसा बसला तरी बोलले. ते अडखळले की शालीतून "मगे?" यायचं, आणि अण्णांना नवा दम चढायचा. एक जण मरू नये म्हणून बोलत होता आणि एक जण मरू नये म्हणून ऐकत होता. बाकी सभा झोपली होती.

फाल्गुन आला. वारं पडलं, ऊन तापू लागलं. राजा जागा झाला आणि म्हणाला, "संपवा."

"आता दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू," अण्णा कसेबसे म्हणाले.

सगळे उभे राहिले. गवा होळीसाठी पाम उपटायला सरसावला. तेवढ्यात शाल मधोमध उचलली गेली आणि तिच्याखालून एक हिरवंगार, लांबलचक पान बाहेर आलं.

"जिवंत आहे!" माकड ओरडलं.

"शक्य नाही," कोल्हेपंत म्हणाले. "महाराजांची सही आहे."

राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. सही चुकली असं म्हणायचं कुणी? झाड मेलं असं म्हणावं तर पान समोर. कोल्हेपंतांनी पुन्हा विचार केला. या वेळी त्यांना चक्क नवीन काहीतरी सुचलं.

"महाराज, हे कैलासवासी पामांचे चिरंजीव आहेत!"

"अरे, मीच तो! मी मेलंयच नाय!" पाम म्हणाला.

"आवाजसुद्धा वडिलांचाच," बकरीने डोळे टिपले.

सगळं जंगल गहिवरलं. चिरंजीवांना वडिलांची कुंडी देण्यात आली. शिवाय मानाची जागाही मिळाली. गुहेच्या आत, राजाच्या आसनाशेजारी. पाहुण्यांना आता आत नेऊन दाखवायचं ठरलं.

गुहेत काळोख होता. बाहेर चैत्राचं ऊन पडलं होतं. नव्या पानाला तेच हवं होतं, नाहीतर ते पिवळं पडणार होतं.

"राजानूं," पाम काकुळतीने म्हणाला, "माका भायर ठेवा. थंडी गेली. आता माका ऊन व्हया."

राजा आणि प्रधान एकमेकांकडे पाहून हसले. लहान आहे अजून, असं ते हसणं होतं.

"बाळ," कोल्हेपंत म्हणाले, "तुझ्या वडिलांची शेवटची इच्छा काय होती, ठाऊक आहे? 'माका आत घेवा.' रोज म्हणायचे बिचारे. आम्ही सगळ्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय."

राजाने डोळे पुसले आणि कुंडी आणखी थोडी आत सरकवली.

तात्पर्य : आपलं कुणी ऐकत नाही, अशी तक्रार करू नये. सगळे नीट ऐकत असतात, फक्त अंमलबजावणीला वेळ लागतो. म्हणून शहाण्याने भर थंडीत ऊन मागावं आणि भर उन्हात गोधडी मागावी.