पहिल्या भोंग्याचं जेवण

साबणाच्या कारखान्यात पॅकिंगच्या बायका नऊ वर्षं गार जेवत होत्या. साडेबाराचा पहिला भोंगा मशीनवाल्यांचा. तो झाला की ते हातातलं टाकून कॅन्टीनकडे पळायचे. पट्ट्यावरून साबण मात्र येतच राहायचा, म्हणून बायकांनी भोंग्याकडे लक्ष न देता खोकी भरत राहायचं. त्यांचा भोंगा सव्वाला. तोवर पातेल्याच्या तळाशी काय उरत असेल, ते तुम्हीच ओळखा! तक्रार केली की साहेब म्हणायचे, "रस्सीखेच जिंका आणि पहिला भोंगा घ्या." आणि दरवर्षी रस्सीखेच मशीनवालेच जिंकायचे.

यंदा काकूंनी पदर खोचला. काकू म्हणजे पॅकिंगमधल्या सगळ्यांत जुन्या. "बास झालं. यंदा मी गार जेवणार नाही म्हणजे नाही!"

"पण आपण सातच जणी. आठवा कोण?" वकिलीणबाईंनी विचारलं. त्या काही वकिली शिकलेल्या नव्हत्या. कुठल्याही गोष्टीत मुद्दा काढायच्या, म्हणून हे नाव पडलं होतं.

आठवा म्हणून हजेरी लिहिणारा कारकून धरून आणला. अंगाने अगदी काडी. त्याला सगळ्यांत मागे उभं करून दोराचं टोक त्याच्या कमरेला बांधलं.

"बांधता कशाला? मी काय पळून जातोय?"

"तुमचा काय नेम!" वकिलीणबाई म्हणाल्या.

बारा वाजता आवारात सामना सुरू झाला. पहिली फेरी पापणी लवायच्या आत संपली. साती जणी ताकदीच्या, पण जी ती आपल्या मनाने ओढत होती. एक ओढायची तेव्हा दुसरी दम खायची, तिसरी साबणाने गुळगुळीत झालेले तळवे साडीला पुसायची. शेवटी सगळ्या मिळून रेषेपलीकडे गेल्या आणि तिथेच भांडायला लागल्या.

"तू आधी ओढलंस!"

"मी निदान ओढलं तरी!"

मशीनवाल्यांचा फोरमन मिशीत हसला. "बायांनो, भांडण सावकाश करा. सव्वापर्यंत वेळच वेळ आहे तुम्हाला."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गप्प बसा गं सगळ्या! पट्ट्यावर भांडतो का आपण? तिथे एकीचा हात चुकला तर सगळी खोकी अडतात, म्हणून कुणी चुकत नाही. खोकं भरतो तसंच ओढायचं. घडी, साबण, चिकटपट्टी! चिकटपट्टी म्हटलं की सगळ्यांनी एकदम!"

"घडी... साबण... चिकटपट्टी!"

मशीनवाले एक पाऊल पुढे आले. पुढच्या चिकटपट्टीला आणखी दोन. दुसरी फेरी बायकांनी घेतली, आणि फोरमनचं हसू कुठच्या कुठे गेलं.

तिसरी फेरी अडली. दोर इकडे ना तिकडे. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. साहेब घड्याळ बघायला लागले.

"काकू, हात गेले माझे!" वकिलीणबाई कण्हल्या.

"जाऊ देत. दोर सोडलास तर माझ्याशी गाठ आहे! घडी... साबण..."

तेवढ्यात साडेबाराचा भोंगा झाला. सामना संपेपर्यंत भोंगा द्यायचा नव्हता, पण वॉचमनने रोजच्यासारखं बटण दाबलं होतं. आणि नऊ वर्षांच्या सवयीने आठही मशीनवाल्यांचे हात आपोआप सुटले. फोरमनने तर कॅन्टीनच्या दिशेने पाऊलसुद्धा टाकलं.

बायकांना तो भोंगा ऐकूच आला नाही. त्यांना कधीच येत नसे.

"चिकटपट्टी!"

साती जणी दोरासकट एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. कारकूनही पहिल्याच भोंग्याला जेवणारा. तो सवयीने मागे वळून कॅन्टीनकडे धावत सुटला. दोर कमरेला बांधलेलाच होता, त्यामुळे उरलेला दोरही रेषेपार गेला.

"हे चालणार नाही!" फोरमन ओरडला. "भोंगा झाला होता!"

काकू ढिगाऱ्यातून डोकं वर काढून म्हणाल्या, "झाला होता ना? मग? नऊ वर्षं तुमच्या भोंग्याला आम्ही हातातलं काम सोडलं नाही. आजच का सोडू?"

साहेबांनी तोंड उघडलं, पण वकिलीणबाई बाह्या सरसावून उठताना दिसल्या, तसं त्यांनी घाईने बायका जिंकल्याचं सांगून टाकलं. दरवर्षी मशीनवाल्यांसाठी वाजवायचे तशा टाळ्या मात्र यंदा वाजवल्या नाहीत.

मशीनवाले खोकी भरायला पट्ट्याकडे गेले. साती बाया आणि कारकून एकाच टेबलाशी बसले. ताटांतून वाफा निघत होत्या. काकूंनी घाईने पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"भाजलं का काकू? फुंकर घाला ना!"

"मुळीच नाही," काकूंनी दुसरा घास उचलला. "भाजू दे!"