गचके मोजणारा गुरप्पा

आमच्या मेहकरच्या गुरप्पाला कुणी विचारलं की भालकी किती लांब, तर तो कोस सांगायचा नाही. 'बेचाळीस गचके,' म्हणायचा. पावसाळा सरल्यावर विचारलं तर एकेचाळीस, कारण एखादा गचका ओढ्याच्या पाण्यानं वाहून गेलेला असायचा.

बरं, नुसते मोजून थांबेल तर तो गुरप्पा कसला. त्यानं गचक्यांना नावं ठेवली होती. बाभळीखालचा तो सासूबाई, आधी दिसायचा नाही अन् बसला की कळायचा. उतारावरचा तो पेशकार, तिथं तहसिलीतल्या एका पेशकाराची टोपी उडून करडईत गेली होती. ओढ्याकाठी तीन सलग होते, त्या जावा. एकीतून सुटला की दुसरीत. मी दुसरीतून शाळा सोडली, मास्तर माझं ऐकत नव्हता म्हणून. पण हे गचके मला अजून ओळीनं म्हणून दाखवता येतात.

गुरप्पा अंगानं काटकुळा. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, नजर कायम रस्त्यावर. रस्त्यात भेटला तर आपल्या तोंडाकडं बघायचा नाही, पायाखालच्या खड्ड्याकडं बघायचा. त्याच्या मोटारीतून कुणी उतरलं की त्याचा एकच सवाल असायचा, "बूड काय म्हणतंय?" कुणी भीड धरून बरं हाय म्हणालं तर तो ऐकायचा नाही. म्हणायचा, "तोंडाला इचारलं न्हाई म्या."

मोटार म्हणजे कुठल्याशा जहागीरदाराची टाकून दिलेली. मागची गादी अन् छप्पर काढून गुरप्पानं फळ्या ठोकल्या होत्या. त्यात तो भालकी टेसनाहून माल आणायचा, ज्वारीची पोती न्यायचा. सडक अशी नव्हतीच. गाडीवाट, काळी माती, नाही तर नदीचे गोटे.

मी त्या मोटारीचा वैरी होतो, हे लपवत नाही. माझी बैलगाडी होती अन् माझं म्हणणं होतं की चाकाला बैल पाहिजे. गुरप्पाकडं बी पहिली बैलगाडीच होती. ती त्यानं का विकली, हे गावाला ठाऊक होतं.

त्याला एकच लेक, महादेवी. बायको लवकर गेलेली. पोरगी संतपूरला शिवलिंगप्पाच्या घरात दिली होती. सातव्या महिन्यात तिला बाळंतपणाला आणायला गुरप्पा गाडी घेऊन गेला. येताना मांजरा नदीच्या पात्रात गोट्यांवरून गाडी आली. घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी पोरीच्या पोटातलं गेलं. पुढच्या बाजाराला गुरप्पानं स्वतः वाढवलेले बैल अन् गाडी विकून टाकली, अन् ही मोटार ओढत आणली.

साल उलटलं. महादेवीला पुन्हा दिवस गेले. तिच्या सासऱ्यानं, शिवलिंगप्पानं, म्हणजे गुरप्पाच्या इवायानं, निरोप धाडला की या खेपेला सून उंबरा ओलांडणार नाही. माय नसलेल्या माहेराला जायचंच कशाला. त्याच आठवड्यात संतपूरहून बांगड्या विकत कासार आला, त्याच्या तोंडी महादेवीचा निरोप वेगळा होता. "अप्पांना म्हणावं, मला यायचंय."

तेव्हापासून गुरप्पा मोटारीच्या पाट्यांमागं लागला. चाकांवर लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून कमान केलेली असते, ते पाटे. गचका आधी पाट्यांनी खायचा, राहील तो माणसानं. गुरप्पाचे पाटे म्हातारे होऊन सपाट झाले होते, ते सगळाच गचका माणसाला द्यायचे.

इस्माईल लोहाराकडं एका मोडक्या लॉरीचे पाटे पडलेले होते. गुरप्पानं ते जोडीला घातले. परीक्षेला मी, महादेवीपायी वैर बाजूला ठेवून. मी तेव्हा तालमीतला गडी, भरल्या अंगाचा. सासूबाईवर मी जो वर गेलो, खाली येईस्तोवर मोटार पुढं गेली होती. मग त्यानं पट्ट्या काढल्या, तर मोटार चाकांवरच बसली. इस्माईल म्हणाला, "गुरप्पा, ये मोटर है, पलंग नक्को समझो." गुरप्पा म्हणाला, मला पलंगच पाहिजे.

शेवटी त्यानं दर दोन पट्ट्यांच्या मधी म्हशीच्या कातड्याची पट्टी घातली, एरंडेलात भिजवून. दणका आता दबून, हळू यायला लागला. फक्त त्या वासानं गावातली सात कुत्री मांजरेपर्यंत मागं आली. तेव्हा त्यावर गोणपाट गुंडाळून सुतळी आवळली. मागं ज्वारीची पोती, पोत्यावर मी, असे आम्ही तिन्ही जावा पार केल्या. गुरप्पानं विचारलं, बूड काय म्हणतंय. मी म्हणालो, "झोपलंय." गुरप्पा त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

पोती घेऊन आम्ही संतपूरला गेलो. बाळंतपण करायला त्यानं आपली बहीण चन्नक्का आधीच बोलावून ठेवली होती, ती बी बरोबर घेतली. शिवलिंगप्पा दारातच बसला होता. माणूस असा की दोन गाद्या एका धोतरात बांधल्यासारखा. त्यानं मोटारीला एक फेरी मारली अन् म्हणाला, "मी मागं बसतो. न्हावी माझी दाढी करंल. तू येशीपतुर नेऊन आण. एक बी ओरखडा निघाला तर सून घरात."

न्हाव्यानं हात जोडले, पण इवायाचं गावात वजन होतं. सगळं संतपूर बघायला लोटलं. मी न्हाव्याचं कमरेचं धोतर धरून बसलो होतो. मोटार गावच्या वेशीला जाऊन आली. इवायाचे गाल लिंबासारखे निघाले, कुठं रक्ताचा टिपका नाही. दहा माणसांत बोललेला शब्द, त्याला मागं घेता येईना.

पोती तिथल्या आडत्याला उतरवून दिली. महादेवीला मधोमध कापसावर निजवली, चन्नक्का उशाशी. गुरप्पानं मोटार हलवली, अन् ढोरं पाणी पितात त्या हाळापाशी एवढ्याशा दगडावर ती बोकडासारखी उडाली. महादेवीनं फळी धरली. गुरप्पानं मोटार थांबवली. त्याच्या विभूतीखालचा रंग उडाला होता.

तो माझ्या कानाशी आला. "केरबा, चुकलं रे. सगळी परीक्षा वजन घालून केली. रिकामी मोटार उडतीय."

इवाई दारातून बघतच होता. अजून पोती मागितली असती तर सगळं कळलं असतं. गुरप्पा सरळ त्याच्यापुढं जाऊन वाकला अन् म्हणाला, पोरीला पोचवायला तुम्हीच चला, तुमच्याशिवाय शोभा नाही, दोघा भावांना बी घ्या. भाऊ बी त्याच मापाचे. तिघं फुलून गेले अन् जरीचे रुमाल बांधून मोटारीत चढले. मोटार खाली बसली अन् शहाणी झाली.

मी गुरप्पाला म्हणालो, तिघं हायेत ना, मग मी माझी वाट धरतो.

"तू कामून जायलास? उजव्या कोपऱ्यात बस. तिकडं हलकं पडायलंय."

मला वाटलं होतं, मला वाटेची माहिती म्हणून आणलंय. दोन कोस मी त्याच्याशी बोललो नाही.

मोटार मांजरेच्या पात्रात उतरली. महादेवीनं चन्नक्काचा हात घट्ट धरला अन् डोळे मिटले. गुरप्पा एवढा हळू चालवत होता की एक गुराखी ढोरं घेऊन आमच्या पुढं निघून गेला. पलीकडच्या काठाला चढलो तेव्हा तिचा हात सैल पडला होता. पोरगी झोपली होती.

मेहकरात दारात पोचलो तेव्हा उन्हं कलली नव्हती. शेजारणी भाकरतुकडा घेऊन पुढं आल्या, गुरप्पानं हातानंच थांबवल्या. शिवलिंगप्पानं एक पाय खाली टाकला तशी मोटार वर उचलली, अन् महादेवी हलली. गुरप्पानं धावत येऊन इवायाचा पाय दोन्ही हातांनी धरला.

"उतरू नगा. तुमी उतरलात की मोटार वर येतीय. जाग येईल तिला."

इवाई खाली वाकला. मग दबक्या आवाजात म्हणाला, "म्हंजे मला वजन म्हणून आणलंस व्हय?"

"व्हय," गुरप्पा म्हणाला.

मला वाटलं आता सोयरीक मोडली. पण शिवलिंगप्पानं पाय परत आत घेतला. डोक्याचा जरीचा रुमाल सोडला अन् सुनेच्या तोंडावरच्या माश्या हाकत बसला. म्हणाला, "साल झालं, ही अशी झोपलेली बघितली न्हाई म्या."

ऊन घराच्या आढ्यावर जाईस्तोवर आम्ही बसून होतो. पायाला मुंग्या आल्या, भूक लागली, कुणी हललं नाही. गुरप्पा तेवढा खाली होता. मागच्या फळीवर दोन्ही तळवे ठेवून सगळं अंग टाकून ती खाली दाबत उभा होता. त्याच्या त्या काटकुळ्या अंगानं मोटार काय दबणार होती. मला ते दिसत होतं, पण मी बोललो नाही.